वाचकांचे प्रश्न : शोध माझा, कंपनी कोणाची?

जैवतंत्रज्ञानातील नव्या उद्योगांविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात लिहिले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची आहेत आणि काही त्यांच्या घरच्यांची. पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात मांडली आहेत.

प्रश्न : मी पुण्यातील एका संस्थेत पीएच.डी.नंतरचे संशोधन करीत आहे. गाई-म्हशींमधील सुप्त कासदाह (बाहेरून लक्षणे न दिसणारा कासेचा दाह) दुधावरून ओळखणारी कागदी पट्टी आम्ही तयार केली असून प्रयोगशाळेतील निकाल चांगले आहेत. पुढच्या महिन्यात एका परिषदेत पोस्टर मांडायचे आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे, आधी शोधनिबंध. मित्रांचे म्हणणे, आधी कंपनी. मी आधी काय करावे?

उत्तर : दोन्ही थांबू द्या आणि या आठवड्यातच संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात जाऊन पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करण्याविषयी बोला. शोध जगासमोर मांडला गेला की त्याचे नावीन्य संपते, हा पेटंटचा मूळ नियम आहे, आणि भिंतीवर लावलेले पोस्टरही ‘जगासमोर’ या शब्दात येते. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी भारतीय कायद्याने बारा महिन्यांची सवलत ठेवली आहे, पण ती अरुंद आहे, आणि युरोपात तेवढीही मिळणार नाही. तात्पुरता अर्ज केला की त्या दिवसाची तारीख तुमच्या नावे लागते, पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात आणि पोस्टर ठरल्या दिवशी निर्धास्तपणे लावता येते. शोधनिबंध आणि पेटंट यांचे वैर आहे असा समज आपल्याकडे फार आहे. प्रत्यक्षात प्रश्न फक्त कोणते आधी करायचे एवढाच असतो.

चुकलेल्या क्रमाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जैवतंत्रज्ञान उद्योगाच्या जन्माशीच जोडलेले आहे. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुके कापून जोडण्याच्या पद्धतीवरील निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परवाना विभागाला त्याचा पत्ता लागला तो १९७४ मध्ये, वर्तमानपत्रातील बातमीवरून. अमेरिकेत प्रकाशनानंतर वर्षभराची मुभा असल्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, मुदत संपायला जेमतेम आठवडा असताना अर्ज गेला. इतर देशांतले हक्क मात्र तोवर बुडाले होते. उरलेल्या एकट्या अमेरिकी हक्कांवर पुढे २५ कोटी डॉलरांहून अधिक परवाना शुल्क मिळाले, यावरून बुडालेल्या हक्कांची किंमत काय असेल याचा अंदाज करावा.

आता पट्टीकडे वळू. ‘निकाल चांगले आहेत’ असे तुम्ही लिहिले आहे, पण ते कोणाच्या हातात आणि कोणत्या दुधावर, हे लिहिलेले नाही. मी एका इनक्युबेटरमध्ये (नव्या कंपन्यांना जागा आणि उपकरणे भाड्याने देणाऱ्या केंद्रात) काम करीत असताना अशाच एका पट्टीची चाचणी पाहायला पहाटे साडेपाचला एका दूध संकलन केंद्रावर गेलो होतो. दारात किटल्या घेऊन तीसेक माणसे उभी, आत एक पिवळा दिवा. दूध संस्थेच्या सचिवांनी ओल्या हातानेच डबी उघडली, पट्टी दुधात बुडवली आणि दुसऱ्या हाताने पुढच्या माणसाची फॅटची नोंद करायला घेतली. चार मिनिटांनी रंग पाहायचा होता. त्यांनी तो पाहिला अकरा मिनिटांनी. फिकट निळा आणि गडद निळा यांतला फरक त्या उजेडात मलाही कळेना. डबीत ओल शिरल्याने दुसऱ्या दिवशी उरलेल्या पट्ट्या न वापरताच निळ्या झाल्या. पट्टीमागचे रसायनशास्त्र निर्दोष होते, हे मुद्दाम सांगतो.

म्हणून अर्ज दाखल झाल्यावर दुसरे काम हे करा, की कंपनीचे नाव ठरवण्यापूर्वी निदान दहा-बारा संकलन केंद्रे, दोन-तीन दूध संघ आणि गोठ्यावर जाणारे चार पशुवैद्यक यांच्याकडे रिकाम्या हाताने जा. पट्टी दाखवू नका. ते आज काय करतात तेवढेच पाहा. कासदाहासाठी चार कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पात्रात प्रत्येक सडाचे दूध घेऊन त्यात द्रावण घालण्याची जुनी चाचणी आहे. कासेला दाह झाला की दुधात पेशी वाढतात; त्या जास्त असतील तर द्रावणाने फुटतात, त्यांतल्या डीएनएमुळे दूध जेलीसारखे घट्ट होते आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसते. ती स्वस्त आहे, मिनिटात होते आणि रंग ओळखावा लागत नाही. तुमच्या पट्टीला हिच्यापेक्षा काय अधिक सांगता येते, याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे. नुकत्याच व्यालेल्या आणि आटत आलेल्या जनावराच्या दुधात पेशी एरवीही वाढतात, त्यामुळे केवळ पेशींवर बोट ठेवणारी चाचणी तिथे फसते. तुमची पट्टी संसर्गाचेच काही वेगळे चिन्ह पकडत असेल तर खरी जागा तिथे आहे.

आणि पैसे कोण देणार? शास्त्रज्ञ याचे उत्तर ‘शेतकरी’ असे पटकन देतात. पण शेतकऱ्याला दर मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर (दुधातील फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांवर). सुप्त कासदाह कळला तर औषधाचा खर्च त्याच्याकडे आणि औषध चालू असताना व त्यानंतरही काही दिवस ते दूध डेअरीला घालता येत नाही, म्हणजे तोटाही त्याच्याकडे. पुढे दगडी होऊन, म्हणजे कास कडक होऊन, सड कायमचा जाण्यापेक्षा हे परवडते, हे त्याला ठाऊक असते. तरीही रोज पट्टी विकत घेऊन स्वतःचे दूध नाकारायला तो का तयार व्हावा? चीज बनवणाऱ्या प्रकल्पाचे गणित वेगळे असते, कारण पेशी वाढलेल्या दुधापासून चीज कमी उतरते. मोठ्या बंदिस्त गोठ्याचे गणित आणखी वेगळे. एकच पट्टी या तिघांसाठी तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांपैकी कोणती करायची हे ठरल्याशिवाय तिची अचूकता किती हवी हेसुद्धा ठरत नाही.

पैशांविषयी तुम्ही विचारले नाही, पण सांगून ठेवतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये स्थापन केलेल्या बायरॅक या संस्थेची ‘बिग’ ही अनुदान योजना याच टप्प्यासाठी आहे : १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत, आणि तेही कंपनीत हिस्सा न मागता. मान्यताप्राप्त इनक्युबेटरमार्फत व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने २००७ पासून चालणारे व्हेंचर सेंटर हे या योजनेचे भागीदार असून तुम्हाला ते पाषाण रस्त्यावरच आहे. अर्जात ‘काय सिद्ध करणार’ हा रकाना भरताना संकलन केंद्रांवरच्या त्या भेटींतली वही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत वरिष्ठ शास्त्रज्ञ आहे. वय ४७. जखमेवर लावण्याच्या एका जैवपदार्थावर माझ्या नावाने संस्थेचे पेटंट आहे. नोकरी न सोडता कंपनी काढता येते का? सहकारी म्हणतात, सरकारी नोकराला हे वर्ज्यच आहे.

उत्तर : सहकाऱ्यांची माहिती अर्धी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तन नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय व्यापार-व्यवसाय करता येत नाही, हे खरे; पण सार्वजनिक पैशातून झालेले शोध उद्योगात जावेत म्हणून २००९ मध्ये केंद्राने शास्त्रज्ञांना नोकरीत राहून अशा कंपनीत भागभांडवल घेण्याची वाट खुली केली. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक राहुल पुरवार यांचे उदाहरण तुमच्या शेजारचे आहे. त्यांच्या गटाने टाटा मेमोरियल केंद्राबरोबर रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी पेशी उपचार (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुकीय बदल करून त्या परत देण्याची पद्धत) विकसित केला, संस्थेतूनच इम्युनोॲक्ट ही कंपनी उभी राहिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो उपचार सुरू झाला. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. येथील खर्च त्याच्या साधारण दहाव्या भागाच्या आसपास ठेवता आला, याचे एक कारण असे की पेशीत जनुक नेऊन सोडणाऱ्या विषाणूवाहकापासून पेशींपर्यंत बहुतेक सर्व येथेच तयार केले गेले.

तुमच्या पत्रातील ‘माझ्या नावाने संस्थेचे पेटंट’ हे शब्द मात्र नीट पाहा. नाव संशोधक म्हणून तुमचे आहे, मालकी संस्थेची आहे. म्हणजे स्वतःच्या शोधासाठी तुमच्या कंपनीला संस्थेकडून रीतसर परवाना घ्यावा लागेल, सुरुवातीची रक्कम आणि विक्रीवरील स्वामित्वशुल्क ठरवावे लागेल, आणि त्या वाटाघाटीत संस्थेच्या बाजूने तुम्ही बसता कामा नये. हे अनेकांना अपमानास्पद वाटते. तो राग मी समजू शकतो, पण गुंतवणूकदार सर्वांत आधी हाच कागद मागतात आणि तो कच्चा असेल तर बाकीचे बोलणे तिथेच थांबते.

याहून नाजूक गोष्ट विद्यार्थ्यांची. कंपनीचे प्रयोग आणि पीएच.डी.चे प्रयोग एकाच बाकावर, एकाच मुलीच्या हातून होऊ लागले की तिचा प्रबंध रखडतो आणि तिला नाही म्हणता येत नाही. वह्या वेगळ्या, रसायनांची खरेदी वेगळी, जागा शक्यतो इनक्युबेटरमध्ये भाड्याची, आणि कंपनीत काम करणारी माणसे कंपनीच्याच पगारावर असावीत. मघाच्या उत्तरातले हर्बर्ट बॉयर यांनी १९७६ मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण गुंतवणूक व्यावसायिकाबरोबर जेनेन्टेक काढली तेव्हा दोघांनी सुरुवातीला पाचशे-पाचशे डॉलर घातले. बॉयर विद्यापीठात प्राध्यापकच राहिले, रोजची कंपनी स्वॉन्सन यांनी चालवली, आणि १९७८ मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार झाले. तरीही विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि कंपनी यांची सरमिसळ होते म्हणून बॉयर यांच्यावर सहकाऱ्यांची टीका झालीच. तुम्ही मुख्य वैज्ञानिक सल्लागार राहून पूर्ण वेळ चालवणारा माणूस शोधावा, असे मी सुचवेन. संध्याकाळी सहानंतर चालणारी कंपनी पुरवठादाराच्या फोनलासुद्धा वेळेवर उत्तर देऊ शकत नाही.

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगर येथील दोन प्राध्यापक. लोणार सरोवरातील एका जीवाणूपासून धुण्याच्या पावडरीत चालणारे प्रथिनभंजक (प्रथिने तोडणारे) विकर, म्हणजे एन्झाइम, मिळाले आहे. जीवाणूचे पेटंट घेऊन कंपनी काढायचा विचार आहे.

उत्तर : निसर्गात आढळलेल्या सजीवाचा नुसता शोध भारतात पेटंटयोग्य नाही, विकर तयार करण्याची तुमची पद्धत किंवा त्याचे विशिष्ट मिश्रण यांचा विचार होऊ शकतो. त्यासाठी जीवाणूचा वाढवलेला नमुना बुडापेस्ट कराराखाली (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली) मान्यता असलेल्या संग्रहात ठेवावा लागेल. असे संग्रह चंडीगडला आहेत आणि पुण्यातही. दुसरे, लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. नमुने घेताना वन विभागाची परवानगी होती का, आणि जैवविविधता कायद्याप्रमाणे राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जे करायचे ते केले का, हे दोन कागद आजच काढून पाहा. हे नंतर दुरुस्त करणे फार महागात पडते.

धंद्याच्या अंगाने अडचण निराळी आहे. खारट, अल्कधर्मी पाण्यात वाढणारा जीवाणू फ्लास्कमध्ये आनंदात वाढतो, पण हजार लिटरच्या पोलादी टाकीत तेच मीठ पोलाद खाते. शिवाय प्रथिने तोडणारे विकर थोड्या वेळाने स्वतःलाच तोडू लागते, हे तुम्ही पाहिले असेलच. विकर बनवणारे जनुक दुसऱ्या सोयीच्या जीवाणूत नेले तर या अडचणी कमी होतात, पण मग जनुकीय बदल केलेल्या जीवांविषयीचे १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून सुरुवात करावी लागते. धुण्याच्या पावडरीचे ग्राहक मोठे असतात, भाव किलोमागे घासून ठरवतात आणि आधीच्या पुरवठादारांना सहज सोडत नाहीत. कातडी कमावताना केस काढण्यासाठी चुना आणि सल्फाइड वापरतात व त्याचे सांडपाणी डोकेदुखी असते. तिथे तुमचे विकर चालते का, हे मी आधी पाहीन. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळूरमध्ये बायोकॉन सुरू केली ती पपईतील पपेन आणि माशांपासून मिळणारे आयझिंग्लास या पदार्थांवर; इन्सुलिन पुष्कळ वर्षांनी आले. पहिले उत्पादन दिमाखदार नसले तरी चालते, त्याचे बिल मात्र वेळेवर वसूल व्हावे लागते.

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीतून संशोधन करून परतला आहे. नोकरी न घेता कंपनी काढायची म्हणतो. माझ्या निवृत्तीच्या रकमेतून वीस लाख मागतो आहे. देऊ का? (सांगली)

उत्तर : आपण मुलाला ‘किती लागतील’ असे विचारले असेल, त्याऐवजी ‘हे वीस लाख संपतील त्या दिवशी तुझ्या हातात काय असेल’ असे विचारून पाहावे. ‘तीस रुग्णांच्या नमुन्यांवरचा निकाल, आणि त्याच्या जोरावर अमुक अनुदानाचा अर्ज’ असे काही उत्तर आले तर मुलगा विचार करतो आहे. ‘प्रयोगशाळा सजवलेली असेल’ असे आले तर देऊ नये. सूक्ष्मदर्शक आणि सेंट्रिफ्यूज इनक्युबेटरमध्ये तासावर मिळतात. या क्षेत्रात घरचे पैसे हे भांडवल म्हणून फारच तोकडे पडतात. परवानग्या आणि चाचण्या यांत वर्षे जातात आणि सरकारी अनुदानसुद्धा टप्पे पूर्ण होतील तसे हप्त्यांनी मिळते. मुलाच्या एक-दीड वर्षाच्या जेवणाखाण्याची आणि प्रवासाची चिंता आपण वाहिली, तर ती मदत वीस लाखांच्या यंत्रापेक्षा त्याला अधिक उपयोगी पडेल. राहते घर तारण ठेवू नये. जे द्याल ते उसने की भागभांडवल, हे कागदावर लिहून द्यावे. बापलेकांत कागद कशाला, असे वाटेल, पण पुढे येणारा गुंतवणूकदार हे पैसे कुठून आले असे विचारतोच.

प्रश्न : शोध पूर्णपणे माझा आहे. एमबीए झालेला मित्र कंपनीत येतो आहे आणि निम्मा हिस्सा मागतो. विज्ञान न कळणाऱ्याला निम्मा का द्यावा?

उत्तर : विज्ञान न कळणाऱ्यांनी या क्षेत्रात काय केले ते पाहायचे असेल तर हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सकडे पाहा. के. आय. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. त्यांनी १९९३ मध्ये कंपनी काढली आणि १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची देशी लस बाजारात आणली. आयात लशीचे भाव त्यानंतर झपाट्याने उतरले. शास्त्रज्ञ त्यांच्याकडे होतेच, पण ते शास्त्रज्ञ टिकवणे आणि पैसा उभा करणे हे काम रेड्डींचे होते.

तेव्हा प्रश्न मित्राच्या पदवीचा नसून तो पुढची चार वर्षे पूर्ण वेळ काय करणार आहे याचा आहे. शोध झाला तो कामाचा पहिला तुकडा. उत्पादन, परवाने, विक्री हे सगळे अजून व्हायचे आहे आणि त्यातले बरेच तो करणार असेल तर निम्मा हिस्सा जास्त नाही. पण हिस्सा पहिल्याच दिवशी हातात देऊ नका, आणि स्वतःही घेऊ नका. चार वर्षांत थोडाथोडा पक्का होत जाणारा हिस्सा, पहिले वर्ष पुरे होण्याआधी सोडून गेला तर काहीच नाही, ही व्हेस्टिंगची अट दोघांनाही सारखीच लावा. मित्र या अटीवर नाराज झाला तर तेही आत्ताच कळलेले बरे. हे सर्व भागधारकांच्या करारात कंपनी सचिवाकडून लिहून घ्या, आणि त्याच करारात तुमच्या शोधाचे पेटंट किंवा त्याचा परवाना कंपनीच्या नावे आहे, तुमच्या खासगी नावे नाही, हेही लिहा. पत्रात तुम्ही ‘शोध पूर्णपणे माझा’ असे म्हटले आहे. तो कोणत्या संस्थेत, कोणाच्या अनुदानावर केला हे कळवलेत तर त्याविषयी पुढच्या अंकात लिहीन.